एकसष्ट नंबरची वाकळ

लग्न होऊन पेडगावला आली त्या पहिल्याच थंडीत सत्यशीलेनं सासूच्या हातची वाकळ पांघरली, आणि सकाळी उठल्यावर तिची घडी घालायची सोडून ती अंगणात पसरून बघत उभी राहिली. मधोमध लाल खणाचा एक चौकोन, त्याच्याभोवती पांढरी कड, तिच्याभोवती निळी, असे नऊ फेरे. सत्यशीला परभणीला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं आलेखाचा कागद आणला, पट्टी लावली. नऊच्या नऊ फेऱ्यांत कुठं बोटभर फरक निघेना.

"मामी, तुम्ही हे मोजलं कशानं?"

सासू धुरपताबाई चुलीपुढूनच म्हणाल्या, "मोजायला काय झालं? डोळे हायत की." मग जरा थांबून, "नवी सून पांघरून घ्यायचं सोडून पट्ट्या लावायली. शेजारणी बघायल्यात, घरात घे ते."

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. सत्यशीलेला त्या दिवसापासून वाकळांचं वेड लागलं. दर रविवारी ती एसटीनं कुठल्यातरी गावाला जायची. कुंपणावर, बाजेवर, ओट्यावर वाकळ वाळत घातलेली दिसली की तिथं बसायची आणि आलेखाच्या कागदावर तिची नक्कल उतरवायची. कुणी जीर्ण झालेली वाकळ टाकून देत असेल तर बदल्यात नवी सोलापुरी चादर द्यायची आणि ती घेऊन यायची. तिचा नवरा उद्धव परभणीच्या पंचायत समितीत कारकून होता आणि दोघं तिथंच राहत. बायको पगारातल्या चादरी वाटून चिंध्या घरी आणते, असं त्याचे सोबती त्याला हसून म्हणायचे. तोही हसायचा. रविवारी मात्र एसटी स्टँडवर तिची छत्री आणि डबा घेऊन तोच सोडायला जायचा. शाळेत आणि गल्लीत तिला "वाकळवाल्या बाई" म्हणू लागले. हे नाव काही कौतुकानं पडलेलं नव्हतं.

नोंदी ठेवायला तिला शाळेतलं एक कोरं रजिस्टर मिळालं. जुन्या नमुन्याचं होतं, म्हणून मुख्याध्यापिका ते रद्दीत काढत होत्या. त्यावर रकाने छापलेले होते: अनुक्रमांक, नाव, पालकाचे नाव, गाव, शेरा. वाकळेला कसलं नाव? सत्यशीलेनं "नाव" या शब्दावर पट्टी धरून रेघ मारली आणि तिथं "वर्णन" असं लिहिलं. "पालकाचे नाव" हा रकाना मात्र तिला सोयीचा वाटला. वाकळ ज्याच्या घरची त्याचं नाव तिथं बसत होतं. शाळेत शेकडो मुलींची नावं तिनं अशीच भरली होती. पहिली नोंद तिनं सासऱ्यांच्या नावानं, मोठ्या मानानं केली: क्रमांक १, लाल चौकोन, नऊ फेरे. पालक: बन्सीधर. गाव: पेडगाव.

सात वर्षांत एकशे चाळीस नोंदी झाल्या.

त्यातली एकसष्टावी ऐंशी सालच्या मे महिन्यातली. गंगाखेडच्या पुढं एका खेड्यातून ती फाट्याकडं चालत येत होती. गावाबाहेरच्या वस्तीत, बाभळीच्या कुंपणावर एक वाकळ होती. निळ्या कापडाचा मोठा चौकोन आणि त्याच्याभोवती पांढऱ्या पट्ट्यांची अशी मांडणी, की उन्हात डोळ्यांपुढं ती फिरतेय असं वाटावं. एक काठ जळून तपकिरी झाला होता. ज्या बाईनं ती शिवली होती तिनं तो जळका भाग कापून टाकला नव्हता. त्याच्याभोवती तिनं इतके दाट टाके घातले होते, की जळकं कापड त्या टाक्यांवरच तगून होतं. सत्यशीलेनं अशी वाकळ आजवर बघितली नव्हती. बाई गाव सोडून चालली होती, सामान बांधायचं काम चाललं होतं. चादर घेऊन तिनं वाकळ देऊन टाकली. एसटीचा आवाज आला म्हणून सत्यशीला घाईनं उठली. रजिस्टरमध्ये घरी येऊन लिहिलं: वस्तीतली बाई. शेरा: एका काठाला जळाल्याची खूण.

खूण कशाची ते तिला कळलं नव्हतं असं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांनाच माहीत होतं. तिनं विचारलं नाही, एवढंच.

पंच्याऐंशी साली औरंगाबादला शिक्षकांच्या एका शिबिरात पुण्याहून आलेल्या प्राध्यापिकेनं तिचे आलेखाचे कागद बघितले, आणि महिन्याभरानं टपालानं एक इंग्रजी पत्रक पाठवून दिलं. हॉलंडमधल्या कापडांच्या एका संग्रहालयात दरवर्षी तीन अभ्यासक बोलावत. तीन महिने राहायची सोय, जाण्यायेण्याचा खर्च, बसायला टेबल, ग्रंथालय मोकळं. उद्धवनं शब्दकोश घेऊन ते पेडगावला घरच्यांपुढं वाचलं.

"याला ते लोक रेसिडेन्सी म्हणतात," तो म्हणाला.

सासरे बन्सीधर निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. ते एकदम सरसावून बसले. "रेसिडेन्सी? हैदराबादला होती की! इंग्रज साहेब ऱ्हायाचा. लय मोठी कोठी. आता तिथं पोरींचं कॉलेज हाय."

"तशी नाही, मामा. हे निराळं."

"मग तिथं नौकरी करायची?"

"नाही."

"शिकायचं?"

"तसं नाही."

"शिकवायचं?"

"तेही नाही. तिथं राहायचं, त्यांची कापडं बघायची, आपल्या वाकळांवर लिहायचं. शेवटी दहा-बारा वाकळा मांडून लोकांना दाखवायच्या."

धुरपताबाई मेथी निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "काम न्हाई, धंदा न्हाई, वर खायला घालणार. आमच्या टायमाला याला माहेरपण म्हनायचे. पर तेबी पंधरा दिसांच्या वर कुणी ठिवून घेत न्हवतं."

सगळे हसले. सत्यशीलाही हसली, पण त्या रात्री तिनं अर्जाचा मजकूर लिहायला घेतला. वाकळा म्हणजे चिंध्या, त्या गोळा करणारी वेडी, हे तिनं सात वर्षं ऐकलं होतं. बाहेरच्या कुणीतरी, ज्याचं आयुष्य कापड ओळखण्यात गेलंय अशा माणसानं, हे काम खरं आहे की नाही ते एकदा सांगावं, एवढंच तिला हवं होतं. टायपिंगच्या क्लासमध्ये तासावर मशीन घेऊन उद्धवनं अर्ज टाइप केला. सोबत बारा वाकळांचे फोटो आणि रजिस्टरची इंग्रजी नक्कल जोडली.

फेब्रुवारी शहाऐंशीत उत्तर आलं, तेही पेडगावलाच वाचलं. काम फार आवडलं, असं सुरुवातीलाच होतं. उद्धवचा आवाज त्या वाक्याला चढला आणि पुढं हळूहळू उतरत गेला. समितीला काही शंका होत्या. या सगळ्या वाकळा पुरुषांनी शिवल्या आहेत काय? कारण एक नोंद सोडली तर सगळी पुरुषांचीच नावं दिसतात. बायकांनी शिवल्या असतील तर करणाऱ्या प्रत्येकीचं नाव कळवावं. विशेषतः क्रमांक एकसष्ट. ती कुणी केली, काठ कसा जळला, आणि ती लोकांना दाखवायला करणारीची संमती आहे का? एकतीस मार्चपर्यंत हे टपालात टाकलं तरच निवडीचा विचार होईल.

धुरपताबाईंनी विचारलं, "म्हंजे पयली वाकळ कुणाच्या नावावर हाय?"

सत्यशीलेनं खाली बघत सांगितलं, "मामांच्या."

"यांच्या?" धुरपताबाईंनी नवऱ्याकडं नखशिखांत बघितलं. "ह्यांना सुईत दोरा ववता येईना. सदऱ्याची गुंडी तुटली तर दोन दिस तसेच हिंडत्यात."

"मी कवा म्हनलो मी शिवली म्हणून?" बन्सीधर म्हणाले.

"तुमी न्हाई म्हनलात. तुमच्या सुनेनं लिवलं. शिकलेल्या सुनेनं."

हे थट्टेत बोलणं होतं, पण सत्यशीलेनं रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. बाईनं शिवलेलं कापड, बाईनं बघितलं, बाईनं नोंदवलं, आणि शिवणारीचं नाव लिहावं असं सात वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नाही. "नाव" या शब्दावर तिनं स्वतःच पट्टी धरून रेघ मारली होती.

मग वार्षिक परीक्षेच्या दिवसांत तिचं फिरणं सुरू झालं. सकाळची शाळा, दुपारची एसटी. राणीसावरगावपर्यंतची गावं तिनं पुन्हा पालथी घातली. नाव विचारलं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. "माझं? माझं कशाला? यांचंच लिवा." एकीनं विचारलं, "माहेरचं सांगू का सासरचं?" तेव्हा सत्यशीलेनं रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना आखला आणि दोन्ही लिहिली. एक म्हातारी आपलं माहेरचं नाव सांगताना आठवायला इतका वेळ बसली, की तिच्या सुना चेष्टा करू लागल्या. आठवलं तेव्हा तिनं ते दोनदा सांगितलं. ज्या वारल्या होत्या त्यांची नावं लेकींकडून मिळाली. पेडगावला पहिल्या नोंदीपुढं तिनं लिहिलं: धुरपताबाई. धुरपताबाईंना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि विचारलं, "पक्क्या शाईनं लिवलंस ना?"

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एकशे एकोणचाळीस नावं झाली. राहिली होती एकसष्ट.

गंगाखेडच्या पुढच्या त्या गावात कुणाला काही सांगता येईना. पारावरचा एकजण म्हणाला, "वस्तीतली बाई म्हंजे कोनती? एक हाय का तिथं?" ती वस्तीत गेली. बाभळीचं कुंपण तसंच होतं. वाकळेचा फोटो बघताच एक पोरगी ओरडली, "ही तं कडूमावशीची! मावशी लेकीकडं गेली, देवगाव फाट्याला. जावयाचं सायकलचं दुकान हाय."

देवगाव फाट्याला सत्यशीला उतरली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सायकलच्या दुकानाला लागून पत्र्याची सावली होती आणि तिथं एक साठीतली बाई मांडीवर कापड घेऊन टाके घालत बसली होती. फोटो बघून तिनं सुई कापडात खोवून ठेवली.

"चादर देऊन नेली ती तुमीच ना मास्तरीणबाई?"

"हो."

"चादर चांगली निघाली. अजून हाय." मग तिनं सत्यशीलेकडं नीट बघितलं. "तवा उन्हाचं बसला होता. मी पानी इचारलं, तर तुमी म्हनला, तहान न्हाई."

सत्यशीलेला तो मे महिना आठवला. तिला तहान लागली होती. फाट्यावर येऊन ती हॉटेलात दोन ग्लास पाणी प्यायली होती, तेही आठवलं.

"तहान होती, मावशी," ती म्हणाली. "आज तरी द्या."

कडूबाईंनी तांब्या भरून आणला. सत्यशीलेनं तो पूर्ण रिकामा केला. तांब्या खाली ठेवल्यावर कडूबाई म्हणाल्या, "सांगा, काय काम काढलं?"

सत्यशीलेनं सगळं सांगितलं. परदेशातलं संग्रहालय, समितीचं पत्र, नावाचा रकाना, तिची स्वतःची चूक. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही पाठवणार, वाकळ परत आणून देईन, हेही सांगितलं. बोलताना तिला कळत होतं, की इथून नकार घेऊन गेलं तर मुदत संपायच्या आधीच सगळं संपलं. कडूबाईंनी पुन्हा सुई हातात घेतली होती.

"नाव काय बाई, लय महाग असतंय," त्या म्हणाल्या. "एका नावापायी आमची घरं गेली. तुमी मात्र नाव इचारायला येवढ्या लांबून आलात." त्यांनी दोरा दातानं तोडला. "लिवा. कडूबाई सिताराम. सिताराम म्हंजे आमचे मालक, ते वारले. पर आधी कडूबाई लिवा."

"लिहिलं."

"काठ कसा जळला तेबी लिवा. घर जळलं, पेटी निघाली, वाकळ अर्धी निघाली. जळकं कापून टाक म्हनले सगळे. म्या म्हनलं, कामून टाकू? ते जळलं ते बी माझंच हाय. कुणी जाळलं ते नगा लिवू. आमचे लोक अजून तिथंच ऱ्हात्यात."

"नाही लिहीत."

"आन आजून एक. हा टाका माझा न्हाई. माझ्या मायनं शिकवला. धोंडाबाई तिचं नाव. ती जात्यावर दळायची, कुणाच्या कागदावर तिचं नाव न्हाई. तिचं लिवणार असाल तर वाकळ साता समुद्रापार न्या. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

सत्यशीलेनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. कडूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. मग जावयाला हाक मारली, "च्या सांग रं. दोन."

एकतीस मार्चच्या चार दिवस आधी एकशे चाळीस नावं आणि माहेरची नावं, एकसष्टपुढं धोंडाबाईंचं, रजिस्टर्ड टपालानं गेली. शेवटच्या पानावर सत्यशीलेनं एक वाक्य स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं होतं आणि उद्धवला दुरुस्त करू दिलं नव्हतं: ही नावं मी आधी विचारली नव्हती, ती चूक माझी.

मे महिन्यात निवडीचं पत्र आलं. समितीच्या प्रमुखांनी शेवटी हातानं लिहिलं होतं, की आमच्या स्वतःच्या कपाटांत शेकडो कापडं आहेत ज्यांवर नाव नाही. तुम्ही आलात की ती बघायला आम्हाला मदत करा. उद्धवनं ते पत्र खिशात घालून पंचायत समितीत नेलं आणि चिंध्यांवरून हसणाऱ्या सोबत्यांच्या टेबलांवर एकेकापुढं ठेवलं. दुपारी बडा बाबू आपल्या खर्चानं सगळ्यांना जिलेबी खाऊ घालत होता.

सप्टेंबरात सत्यशीला निघाली. दोन्ही लेकरं धुरपताबाईंनी पेडगावला नेली. बन्सीधरांनी परभणी स्टेशनवर तिला बजावलं, "रेसिडेन्सीत साहेब लोकांपुढं दबून बोलू नको. काम तुझं हाय."

तिथून तिची पत्रं यायची. ज्वारीचं पीठ दीड महिन्यात संपलं. थंडी अशी की बोटं पेन धरेनात. तिच्याबरोबर एक पोलंडची आणि एक नायजेरियाची बाई होती, आणि तिघींनी मिळून संग्रहालयाचं एक जुनं कपाट उघडलं होतं. वाकळांना तिथं कुणी उघड्या हातानं शिवत नाही, हातात पांढरे मोजे घालतात, हेही तिनं लिहिलं. उद्धवनं ते वाचलं तेव्हा धुरपताबाई हसून हसून खोकायला लागल्या. "मोजे? अगं माय! उद्धवा, तुझं सगळं बाळपन तिच्यावर गेलंय. किती बार धुतली असंन मी. त्यांना सांग म्हणावं, मोजे काढा, काई व्हत न्हाई."

शेवटच्या पत्रात प्रदर्शनाचं होतं. बारा वाकळा भिंतीवर लावल्या. शेजारच्या पाटीचा जो मसुदा संग्रहालयानं केला होता त्यात वर तिचं, संग्राहक म्हणून, मोठ्या अक्षरात नाव होतं. तिनं पेन्सिलनं ते खाली नेलं, बारीक केलं, आणि वर करणारीचं नाव लिहिलं, आधी देवनागरीत, मग त्यांच्या लिपीत. एकसष्ट नंबरपुढं लोक सगळ्यांत जास्त वेळ थांबत होते. एक म्हातारी बाई जळक्या काठापाशी बराच वेळ उभी होती. लढाईत तिचंही घर जळलं होतं, एवढंच ती म्हणाली.

डिसेंबरात सत्यशीला परतली, तेव्हा पेडगावच्या वेशीवर शेजारणी ओवाळायला आल्या होत्या. पहिल्याच रविवारी ती देवगाव फाट्याला गेली. वाकळ आणि पाटीचा मोठा फोटो, दोन्ही कडूबाईंपुढं ठेवलं. कडूबाईंनी वाकळ बाजूला सारली आणि फोटो उचलला.

"ह्ये मी?"

"हो. कडूबाई सिताराम."

"आन माय कुठाय?"

सत्यशीलेनं त्यांचं बोट धरून खालच्या ओळीवर ठेवलं. कडूबाईंनी ते बोट तिथंच बराच वेळ ठेवलं. मग फोटो दुकानात, जावयाच्या हवेच्या पंपाच्या वर, खिळा ठोकून लावायला सांगितला. वाकळ मात्र त्यांनी परत केली. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. तिथं लोक बघत्यात."

त्यानंतर सत्यशीलेकडं कितीतरी तरुण अभ्यासक आले, पुण्याचे, मुंबईचे, दोघं तर परदेशातले. तिनं प्रत्येकाला आधी रजिस्टरचं पहिलं पान दाखवलं, रेघ मारलेल्या त्या शब्दासकट. ते पान तिनं बदललं नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, नामांतर झालं त्या आठवड्यात, कडूबाईंची नात तिच्या शाळेत आली. पिशवीत पेढे होते आणि नवी वाकळ. "आजीनं तुमच्या रजिस्टरात लावायला दिली," पोरगी म्हणाली. "परत न्यायची हाय. माझ्या लग्नाची हाय ती."

सत्यशीलेनं वाकळ टेबलावर पसरली. निळा चौकोन, पांढऱ्या पट्ट्या, तोच टाका. उजव्या कोपऱ्यात मात्र लाल दोऱ्यानं काहीतरी वेडंवाकडं होतं. तिनं चष्मा लावला. कडूबाई. ड उलटा झाला होता, उकाराची जागा चुकली होती.

"फोटो बघू बघू काढलं," नात म्हणाली. "दोन महिने लागले. मी लिहून देते म्हणलं तर ऐकेनात."

सत्यशीलेनं रजिस्टर उघडलं. क्रमांक २१२. वर्णन, गाव, सगळं भरलं. करणारीच्या नावाच्या रकान्यापाशी ती थांबली. मग पक्क्या शाईनं लिहिलं: वाकळेवर पाहावे. तिने स्वतः लिहिले आहे.